इंधनाच्या पोटातले पाणी

तेलगावच्या चौकात उभे राहिले की चार रस्ते चार दिशांना फुटतात. एक बीडला, एक परळीला, एक माजलगावला आणि एक धारूरचा घाट चढून केजकडे. माझे बालपण या चौकाच्या आसपास गेले. पुढे नोकरीनिमित्त बाहेर पडलो, तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर आता वर्षातले चार महिने गावी असतो. यंदा पाऊस झोडपून गेल्यावर गावी आलो, तेव्हा पुतण्याने मोटारसायकल उभी करता करताच तक्रार केली, "काका, हे नवं पेट्रोल आल्यापासून गाडी मायलेज देईना. उसाचं पाणी मिसळतेत म्हणे."

उसाचे पाणी नव्हे, इथेनॉल. पण त्याच्या तोंडून निघालेला शब्द माझ्या डोक्यातून जाईना. या लेखाचे मूळ तिथे आहे. दुसरे कारण घरगुती आहे. कालव्याखालच्या तीन एकरांत आमचा ऊस असतो. घाटाच्या पायथ्याला चार एकरांचा मुरमाड पट्टा आहे, त्यात तूर नाहीतर बाजरी निघते. गाडी उसावर चालणार असेल तर उसाला मरण नाही, तेव्हा त्या पट्ट्यापर्यंत पाइपलाइन ओढून तिथेही ऊस लावावा, असे पुतण्याच्या मनात होते. कर्ज काढायची तयारी होती. मी शिकलेला काका, म्हणून हिशेब माझ्याकडे आला.

आधी मायलेजचे पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. पाच भागांपैकी एक भाग इथेनॉल घातले तर टाकीतली एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या 2021 सालच्या आराखड्यातही हे कबूल केले आहे. जुन्या धाटणीच्या मोटारींचे मायलेज सहा ते सात टक्के आणि दुचाकींचे तीन ते चार टक्के घटेल, असे तो सांगतो. इंजिन इथेनॉलसाठी जुळवून घेतले तर यातले काही भरून निघते. पुतण्याची गाडी जुनी आहे. तक्रार खोटी नव्हती.

ही कल्पना मात्र नवी नाही. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा कायदा या देशात 1948 सालीच झाला होता. अलीकडचा अध्याय 2001 मध्ये सुरू झाला. मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली अशा तीन ठिकाणी प्रायोगिक मिश्रण झाले. 2003 पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, पण गाडा रखडत राहिला. 2018 च्या जैवइंधन धोरणाने त्याला वेग दिला. जून 2022 मध्ये दहा टक्के मिश्रण झाल्याचे जाहीर झाले, 2030 चे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट 2025-26 वर आणले गेले आणि ते आता पंपावर पोचले आहे.

यामागचा तर्क सुंदर आहे. ऊस वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, इंधन जळताना तोच परत जातो. जमिनीखालून कोट्यवधी वर्षांचा कार्बन उपसून हवेत सोडण्यापेक्षा हे बरे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि डिझेलचा त्याहूनही अधिक, 2.7 किलोच्या आसपास. उसाच्या इंधनात हा आकडा कागदावर शून्य धरतात.

कागदावर, कारण शेतात तो शून्य नसतो. मला आधी वाटायचे की ऊस वाहणाऱ्या ट्रकच्या आणि डबल ट्रॉलीच्या डिझेलनेच हा फायदा खाल्ला असेल. हिशेब केला तेव्हा चुकलो हे कळले. वीस टन ऊस तीस किलोमीटरवरून आणणारा ट्रक जाऊन-येऊन पंधरा-सोळा लिटर डिझेल जाळतो. त्याच वीस टनांच्या रसापासून थेट इथेनॉल केले तर टनाला सत्तर लिटर या दराने चौदाशे लिटर मिळते. तेव्हा वाहतूक हा किरकोळ खर्च झाला. खरा खर्च युरियात आहे. शेतात टाकलेल्या नत्राचा छोटासा अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि वजनाला वजन धरले तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक उष्णता अडवतो. शिवाय युरिया बनवायला नैसर्गिक वायू लागतो, पंप चालवायला वीज लागते, आणि तोडणीनंतर पाचट पेटवले तर त्याचा धूर आहेच. एवढे वजा करूनही उसाचे इथेनॉल पेट्रोलहून सरस ठरते, हे नमूद करायला हवे.

अडते ते पाण्यापाशी.

साखरेच्या मार्गाने एक लिटर इथेनॉल तयार व्हायला सुमारे 2860 लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच तो आराखडा सांगतो. भात आणि ऊस ही दोन पिके मिळून देशातील सिंचनाचे सत्तर टक्के पाणी घेतात, हेही त्यात आहे. आता एखादी मोटार निव्वळ इथेनॉलवर लिटरला दहा किलोमीटर चालते असे धरा. शंभर किलोमीटरला दहा लिटर, म्हणजे 28,600 लिटर पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात येणारा टँकर दहा-बारा हजार लिटरचा असतो. म्हणजे शंभर किलोमीटरच्या एका फेरीमागे दोन टँकर रिकामे होऊन वर तिसऱ्याला हात घालावा लागतो. यातले काही पाणी पावसाचे असते हे खरे, पण बीड जिल्ह्यात उसाची तहान पावसावर भागत नाही. मळीपासून केलेल्या इथेनॉलला हा हिशेब लावणे अन्यायाचे होईल, कारण साखर होणारच होती आणि मळी उरणारच होती. मात्र साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीतून टनामागे दहा-अकरा लिटरच मिळतात. मिश्रणाचे मोठे आकडे गाठायचे तर रसाकडे नाहीतर धान्याकडे वळावे लागते. 2023 च्या कोरड्या पावसाळ्यानंतर 7 डिसेंबर रोजी केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, आठवड्याभरात ती अंशतः सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी उठवली. पाऊस रुसला की धोरण कसे डगमगते, हे त्या महिन्यात दिसले. आता इथेनॉलमध्ये मक्याचा आणि तांदळाचा वाटा उसापेक्षा मोठा झाला आहे.

माजलगावच्या रस्त्याने गेले की सिंदफणेवरचे धरण लागते. आमच्या कालव्याचे पाणी, कारखान्याच्या परिसरातल्या उसाचे पाणी आणि परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे पाणी ही सगळी एकाच खोऱ्याची लेकरे. 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. ते आले मिरजेहून. इथेनॉलच्या पहिल्या प्रयोगातले मिरज ते हेच.

परळीचे नाव निघाले की विजेच्या गाड्यांचा विषय येतो, आणि शंकाही येते: वीज कोळशाचीच, मग गाडी विजेवर चालवून काय मिळवले? शंका रास्त आहे. विजेची मोटार शंभर किलोमीटरला सुमारे पंधरा युनिट घेते. आपल्या जाळ्यातल्या युनिटमागे आज सरासरी 0.7 किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड पडतो. वहनातली गळती धरली तर शंभर किलोमीटरला बारा-तेरा किलो होतो. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार तेवढ्या अंतरात पंधरा किलोहून थोडा जास्त सोडते. म्हणजे फरक आहे, पण मिरवण्याजोगा नाही. दुचाकीत तो मोठा आहे, जवळपास निम्म्याचा. पाण्याचे मात्र पाहा. कोळशाची वीज म्हटली तरी शंभर किलोमीटरला साठ-सत्तर लिटर पाणी. कुठे 28,600 आणि कुठे सत्तर!

विजेच्या गाडीचा खरा गुण असा की ती एकदा घेतली आणि मागची वीज सुधारत गेली, तर गाडी न बदलता तिचा धूर कमी होत जातो. पेट्रोलच्या इंजिनाला ही सोय नाही. एस.टी.ने 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी सोडली होती. त्याच मार्गावर 1 जून 2022 रोजी विजेवरची 'शिवाई' धावली. ही बस आज कोळशावर धावत असेल, उद्या उन्हावर धावेल. चालकाला फरक कळणारही नाही.

हायड्रोजनबद्दल हल्ली फार बोलले जाते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने बनलेली इंधनघटावरची बस ऑगस्ट 2022 मध्ये दाखवण्यात आली. अभियांत्रिकी म्हणून मला ती आवडली. पण एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला पन्नासहून अधिक युनिट वीज लागते आणि त्यावर मोटार सुमारे शंभर किलोमीटर जाते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर मोटार त्याच्या तिपटीहून जास्त पळते. हायड्रोजनशी कार्बन जोडून कृत्रिम पेट्रोल करायचा मार्गही आहे. चिलीमध्ये डिसेंबर 2022 मध्ये असा छोटा कारखाना सुरू झाला. तिथे विजेची उधळपट्टी आणखी वाढते. गंमत म्हणजे त्यासाठी लागणारा शुद्ध कार्बन डायऑक्साइड आपल्या डिस्टिलरीत फुकट बुडबुडत असतो. रस आंबताना साखरेचे वजन जवळपास निम्मे-निम्मे वाटले जाते, अर्धे मद्यार्कात आणि अर्धे या वायूत. विमानांसाठी कधी काळी हे जमेल. तेलगावच्या रस्त्यावरच्या गाड्यांसाठी तो द्राविडी प्राणायामच.

जड वाहनांचे काय? देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे आणि इथेनॉल डिझेलमध्ये सहजी मिसळत नाही. ज्या ट्रकने ऊस येतो, त्या ट्रकला उसाच्या इंधनाचा उपयोग नाही! बॅटरीचे वजन आणि चार्जिंगचा वेळ हे ट्रकपुढचे दोन नेहमीचे अडसर. पण हंगामात सुंदरनगरच्या लोकनेते सुंदरराव सोळंके कारखान्यासारख्या कोणत्याही साखर कारखान्याच्या आवारात जा. वजनकाट्याच्या अलीकडे वाहनांची रांग असते, नंबर लागायला तास न् तास जातात, चालक ट्रकखाली पथारी टाकतात. फेरी पन्नास-साठ किलोमीटरची, वाट पाहणे सक्तीचे, आणि सहवीजनिर्मिती असेल तिथे चिपाडापासून केलेली वीज भिंतीपलीकडे तयार. विजेच्या ट्रकसाठी याहून सोयीची जागा मला सुचत नाही. हंगाम संपल्यावर महागड्या बॅटरीचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. पण हे ट्रक उरलेल्या वर्षात उभे थोडेच असतात? आणि रुळांवर डब्याला रस्त्यापेक्षा फार कमी शक्ती लागते, हे तंत्र तर दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले. 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून बीडला रेल्वे आली. 1995 मध्ये मंजूर झालेला हा मार्ग परळीला पोचेल, तेव्हा त्यावरून माणसांबरोबर मालही जावा.

पुतण्याला मी शेवटी जो हिशेब मांडून दाखवला तो एका एकराचा होता. एकरी पस्तीस टन ऊस धरला तर साडेचोवीसशे लिटर इथेनॉल, त्यावर मोटार साडेचोवीस हजार किलोमीटर जाईल. त्याच एकरावर सौर पाट्या मांडल्या तर, एका मेगावॅटला पाच एकर धरून, वर्षाला सुमारे तीन लाख युनिट. सगळी गळती सोसूनही विजेची मोटार अठरा लाख किलोमीटर जाईल. सत्तर पटींहून अधिक! ऊस आपल्यावर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम टक्काभर साठवतो, पाटी वीस टक्क्यांच्या आसपास. पुढे इंजिन बरीचशी ऊर्जा तापण्यात घालवते, मोटर फार थोडी. आणि पाटीला मुरमाड रान चालते. पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "काका, किलोमीटर मोजून मला काय मिळतंय? पैशाचं बोला."

बरोबर बोलला. उसाला हमीचा दर आहे: 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये. पस्तीस टनांचे सव्वा लाखाच्या आसपास झाले. त्यातून तोडणी-वाहतूक, खत, मजुरी, वीज आणि आता पाइपलाइनचा हप्ता. सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार, खर्च शून्य. पण जागा वीज उपकेंद्राजवळ हवी आणि करार पाव शतकाहून कमी नाही. पाट्यांखाली माणसाला काम नाही. आमच्या गल्लीतली माणसे दसरा झाला की कोयता घेऊन बाहेर पडतात, अनेकांची दिवाळी कारखान्याच्या तळावर पालात होते. मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्या त्या टोळ्यांचे पोट अजून उसावरच आहे. कार्बनच्या माझ्या हिशेबात त्यांचा रकाना नव्हता, आणि तो कसा मांडावा हे मला पदार्थविज्ञानाने शिकवलेले नाही.

आमच्या कालव्याखालचा ऊस राहणार आहे. घाटाकडच्या पट्ट्यापासून उपकेंद्र किती लांब पडते, हे पुतण्या परवा मोटारसायकलवरून मोजून आला. पाइपवाल्याचे कोटेशन अजून ओसरीतल्या कोनाड्यात आहे, त्यावर त्याने दोरीचा गुंडा ठेवला आहे.