मजुराच्या अर्जाने बांधलेलं सरकार

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची एक छोटी कपात असते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५०० रुपये. हे पैसे कशासाठी कापले जातात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९७५ साली हा कर बसवला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या भूमिहीनाच्या मजुरीला हातभार लावायचा आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात घालायची, असा तो व्यवहार होता. त्यामागची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात त्यांनी साठच्या दशकात तिचा प्रयोग करून पाहिला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १ मे १९७२ पासून योजना राज्यात आली. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी तिचा कायदा एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मिळणं हा माणसाचा हक्क आहे असं या देशात कायद्याने प्रथम म्हटलं ते इथे. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशा गोष्टींत मी ही फार वर ठेवतो.

या कायद्यातली खरी नवी गोष्ट काम काढण्याची नव्हती. दुष्काळी कामं इंग्रजांच्या काळापासून निघत होती. १९७२-७३ च्या दुष्काळात तर मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं रोज कामावर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, सोबत खायला सुकडी आणि मिलो ज्वारी. त्या पिढीच्या हे सगळं लक्षात आहे. त्या कामांनी लाखो जीव वाचवले. पण ती निघाली सरकारने टंचाई मान्य केल्यावर. पैसेवारी किती लावायची, टंचाई केव्हा जाहीर करायची हे साहेबाच्या हातात, आणि मजुराने तोवर थांबायचं. हमीच्या कायद्याने हा क्रम उलटा केला. मजुराने अर्ज दिला की घड्याळ सुरू होतं: १५ दिवसांत काम द्यायचं, नाही जमलं तर बेकारी भत्ता द्यायचा. दुष्काळ जाहीर झाला आहे का, हा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते योजनेचा जीव एवढ्यात आहे. मागणीने सरकार बांधलं जातं तोवर ती हमी. ते बंधन सैल झालं की तीच कामं, तेच मस्टर, तीच मजुरी असूनही ती सरकारी मेहेरबानी होते.

बंधन पाळलं जातं की नाही हे कामाच्या जागी गेल्यावर कळतं. मातीकामावर मजुरांच्या टोळ्या पडतात आणि प्रत्येक टोळीला चौकडी आखून दिली जाते. एकाने कुदळीने खणायचं, दुसऱ्याने फावड्याने घमेलं भरायचं, तिसरीने ते डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायचं. चौकडीच्या मध्ये मातीचा एक खांब न खणता ठेवतात, म्हणजे खोली किती गेली ते नंतर मोजता येतं. मजुरी या मापावर ठरते, त्यामुळे बाईने उचललेल्या मातीचा दर पुरुषाच्या मातीपेक्षा कमी लावता येत नाही. शेतावर बाईची मजुरी पुरुषाहून कमी असण्याची रीत होती त्या काळात ही मोठी गोष्ट होती, आणि हमीच्या कामांवर बायकांची गर्दी राहिली त्याचं एक कारण हेच. मात्र मुरूम लागला, खडक लागला तर खोली कमी भरते. माप घेणाऱ्याने जमिनीचा तो फरक लिहिला नाही तर दिवसभर राबून अर्धीच मजुरी पदरात पडते. म्हणून जिथे मजुरांची संघटना होती तिथे कायदा जिवंत राहिला. शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटनांनी अर्ज सामुदायिक दिले, पोच मागितली, माप समोर घ्यायला लावलं. जिथे मागणारा एकटा होता तिथे त्याला 'काम निघालं की कळवू' एवढंच ऐकावं लागलं.

योजनेवरचे आक्षेप जुने आहेत आणि ते दुबळे नाहीत. पहिला, फायदा जमीनवाल्यांचा होतो. बांध, तलाव, रस्ते कुणाच्या शेताला उपयोगी पडतात? रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्येच हे नेमकं दाखवलं होतं. ते खरं आहे. पण त्यावरचा उपायही योजनेतूनच निघाला: १९९० पासून फळबाग लागवड तिला जोडली गेली, विहिरीही आल्या, आणि लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर हमीचं काम होऊ लागलं. दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. कामावर न आलेल्यांची नावं मस्टरवर चढली, मुकादमापासून वरपर्यंत वाटे ठरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर बँकेत मजुरी आली, २०२३ पासून मोबाइलवर दिवसातून दोन फोटोंची हजेरी सक्तीची झाली, २०२४ पासून आधारशी जोडलेलं खातं. पण पाड्यावर रेंज नसली की फोटो चढत नाही आणि घाम गाळलेल्या बाईची हजेरी बुडते. चोर पकडण्यासाठी लावलेली चाळणी जर मजुरालाच गाळत असेल तर ती चुकीची लावली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त बोलला जातो: हमीमुळे शेताला मजूर मिळत नाहीत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातला हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्याहून बरी मजुरी देणारा शेतकरी असेल तर मजूर त्याच्याकडेच जातो, कारण तिथे पैसे आठवड्याच्या बाजाराला हातात पडतात. हमीच्या कामाला गर्दी होते ती उन्हाळ्यात, शेतं रिकामी असताना. त्या दिवसांत दुसरा आधार आहे म्हणून मजुराला पेरणीच्या वेळी दराबद्दल दोन शब्द बोलता येतात, आणि तक्रारीचं मूळ बहुधा तिथे असतं. लहान शेतकऱ्याची अडचण खोटी नाही, त्यालाही मालाचा भाव मिळत नाही. पण त्या अडचणीचं ओझं त्याच्याहून गरीब माणसावर टाकणं मला पटत नाही.

बंधन सैल कसं होतं हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. १९८८ मध्ये हमीची मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आली, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली. मजुरांची हजेरी वाढायला हवी होती, ती घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांच्या १९९३ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की खर्च आवरण्यासाठी काम रेशनसारखं वाटलं गेलं. कायद्यातला शब्दही न बदलता हमी आतून पोकळ झाली. पुढे रोजगार हमीचा केंद्राचा कायदा २००५ साली झाला, २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून देशभर लागू झाला. अकुशल मजुरीचा सगळा भार त्याने केंद्रावर टाकला, पण १०० दिवसांच्या हमीपैकी कुटुंबाला वर्षात सरासरी मिळाले ५० च्या आसपास दिवस. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस १०० चे १२५ झाले. पण खर्चाचा ४० टक्के वाटा बहुतेक राज्यांवर आला, प्रत्येक राज्याला केंद्र ठरवील तेवढीच रक्कम मिळणार, वरचा खर्च राज्याचा, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येणार. रक्कम आधी ठरली की अर्जाने सरकार बांधलं जात नाही, मग कागदावर १२५ दिवस असले तरी ५० वर थांबलेल्याला त्याचा उपयोग काय? २००६ मध्ये महाराष्ट्राने आपला १९७७ चा कायदा मोडीत काढला नव्हता, दुरुस्ती करून ठेवला होता, आणि १०० दिवसांपुढचं काम राज्याच्या पैशातून देण्याची सोयही ठेवली होती. केंद्राची रक्कम संपल्यावर येणाऱ्या अर्जालाही १५ दिवसांत काम देण्याची तजवीज राज्याने आपल्या अंदाजपत्रकात आताच करायला हवी.