पट्टा बांधून पंचाहत्तर वेळा

३०, १५, १५, १५. मधे तीस-तीस सेकंदांची विश्रांती, एकूण ७५ वेळा. मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला हवेचा पट्टा आवळायचा, शिरांतून परतणारे रक्त अडवायचे आणि हलके वजन उचलायचे, या व्यायामाचा हा सर्वात रूढ हिशेब. जिमच्या भाषेत बीएफआर, म्हणजे ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन. पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट संपवून जिम गाठणाऱ्या मुलांना तो मोबाइलवरच्या व्हिडिओंत भेटतो, आणि बहुधा एका आश्वासनासह: वजन कमी उचला, ताकद तेवढीच मिळवा. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे.

समजा, लेग एक्स्टेन्शनच्या यंत्रावर एखाद्याला जेमतेम एकदाच उचलता येईल असे वजन ५० किलो आहे. नेहमीच्या पद्धतीने ताकद कमवायची तर त्याने ७० टक्के, म्हणजे ३५ किलो घ्यावेत. दहा-दहाचे तीन सेट. पट्टा बांधल्यावर २० ते ४० टक्के पुरतात. ३० टक्के धरले तर १५ किलो. आता गुणाकार करू. ३५ किलो ३० वेळा म्हणजे १,०५० किलो. १५ किलो ७५ वेळा म्हणजे १,१२५. मेहनत वाचलीच नाही, उलट थोडी वाढली. वाचला तो गुडघ्यावर एका वेळी येणारा भार. शस्त्रक्रियेनंतर सावरणाऱ्या गुडघ्याला हा फरक लाखमोलाचा. धडधाकट पंचविशीतल्या मुलाला त्याचे तेवढे मोल नाही.

पद्धत जपानची. योशिआकी सातो यांना १९६६ साली एका बौद्ध विधीत बराच वेळ गुडघे मुडपून बसल्यावर पोटऱ्या बधिर झाल्या, ताठरल्या, आणि ही जाणीव जोरदार व्यायामानंतरच्या ताणासारखीच आहे असे त्यांना वाटले. पुढे त्यांनी या पद्धतीला ‘कात्सू’ असे नाव दिले. त्यामागचे शरीरशास्त्र आता बरेचसे उलगडले आहे. पाटाला बांध घातला की वाडीत पाणी तुंबते, तसे रक्त स्नायूत साठते. ऑक्सिजन घटतो, आम्ले साचतात, सावकाश काम करणारे तंतू लवकर थकतात. मग एरवी जड वजनालाच जागे होणारे मोठे, वेगवान तंतू हलक्या वजनालाही कामाला लागतात.

वजनच न उचलता काय होते? २००६ मध्ये संशोधक ताकाशी आबे आणि सहकाऱ्यांनी तरुणांना मांडीला पट्टे बांधून नुसते चालवले. मिनिटाला ५० मीटर, म्हणजे रमतगमत. दिवसातून दोनदा, आठवड्याचे सहा दिवस, तीन आठवडे. मांडीच्या स्नायूचा छेद ४ ते ७ टक्क्यांनी वाढला, ताकद ८ ते १० टक्क्यांनी. चालण्याने तरुणांच्या मांड्या एरवी वाढत नाहीत, म्हणून हा आकडा मला या विषयातला सर्वात बोलका वाटतो.

जाहिरातीत मात्र दुसराच आकडा मिरवतो: २९० पट. पट्टा बांधून केलेल्या व्यायामानंतर रक्तातले ग्रोथ हॉर्मोन एवढे वाढल्याचे संशोधक ताकारादा यांनी २००० मध्ये नोंदवले. प्रयोगात माणसे होती सहा. शिवाय व्यायामानंतर काही काळ उसळणाऱ्या या हॉर्मोनचा स्नायू वाढण्याशी फारसा संबंध नाही, हे पुढच्या संशोधनात दिसले.

खरा सामना जड वजनाशी आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १३ अभ्यास एकत्र तपासले. स्नायूचा आकार वाढवण्यात दोन्ही पद्धती जवळपास बरोबरीत, प्रमाणित मापात फरक ०.१०, म्हणजे नगण्य. ताकदीत मात्र जड वजन पुढे, फरक ०.६३, म्हणजे चांगलाच जाणवणारा. कारण सरळ आहे. जड ओझे उचलणे हे मज्जासंस्थेनेही शिकायचे काम आहे, आणि ते जड ओझ्यावरच शिकता येते. आश्वासनाचा दुसरा अर्धा भाग इथे निकालात निघतो.

पट्टा किती आवळायचा? त्या माणसाच्या पायातला रक्तप्रवाह पूर्ण थांबवणारा दाब आधी मोजतात आणि त्याच्या ४० ते ८० टक्के दाब ठेवतात. तो १८० मिमी (पारा) भरला, तर ७२ ते १४४. मांडी जाड असेल किंवा पट्टा अरुंद असेल तर आकडा वर जातो. साध्या रबरी पट्टीने अंदाजपंचे आवळणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

धोक्याचे आकडेही जपानचेच. १०५ केंद्रे, १२,६४२ माणसे, अहवाल २००६ चा. त्वचेखाली रक्त साकळल्याचे डाग शंभरात १३ जणांना, बधिरपणा १.३ टक्के, शिरेत गुठळी सात जणांना, फुप्फुसात गुठळी एकाला. आकडे लहान आहेत, पण माहिती केंद्रांनी स्वतःच दिलेली होती.

हे सगळे ‘निरोगी प्रौढां’साठी. आता हे निरोगी कोण, ते आपल्याकडे पाहू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह आढळला. पालघर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी, ती सिकलसेलची. जिल्ह्याची एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे, आणि सिकलसेलचे जनुक आदिवासी समाजांत तुलनेने जास्त आढळते, अर्थात फक्त त्यांच्यातच नाही. ऑक्सिजन कमी पडला की सिकलसेल असलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन अडकतात. पट्टा नेमके तेच करतो, ऑक्सिजन कमी पाडतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णांनी हा व्यायाम टाळायचा असतो, आणि वाहकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. वाहक एरवी ठणठणीत असतो. आपण वाहक आहोत हे त्याच्या गावीही नसते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती. पालघरजवळच्या माहीमच्या किंवा बोईसरच्या जिममध्ये पट्टा देण्याआधी बीपीच्या जोडीला या तपासणीचे कार्ड विचारायला काही खर्च येत नाही.

वाहकांना घाबरवायचेही कारण नाही. अमेरिकी लष्करातल्या ४७,९४४ कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ च्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर इतरांहून वेगळा निघाला नाही. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र त्यांच्यात ५४ टक्क्यांनी जास्त होता. त्या अभ्यासात पट्टे नव्हते, साधी लष्करी कवायत होती. आणि त्याच अभ्यासात तंबाखू घेणाऱ्यांचा वाढीव धोकाही ५४ टक्केच आहे.