पंधराएक आणि पंधरा तरी



लोणावळ्यास राजमाचीची वाट पुसली, तर एक जण सांगेल, 'पंधराएक किलोमीटर'. दुसरा सांगेल, 'पंधरा तरी'. दोघांचा आंकडा एकच, परंतु अर्थ एक नव्हे. पहिल्याचा अदमास दोन्ही बाजूंस मोकळा आहे. चौदा भरतील, सोळाही भरतील. दुसऱ्यानें खालची बाजू बंद केली आहे. पंधरांच्या आंत सुटका नाहीं, वर किती तें मात्र गुलदस्त्यांत. दुपारीं तीन वाजतां निघणाऱ्यानें हा भेद ओळखला पाहिजे.

यांतील 'एक' मोठा नवलाचा आहे. एकाइतकी निश्चित संख्या दुसरी कोणती? परंतु दुसऱ्या संख्येस चिकटतांच तो तिची निश्चितता हिरावून घेतो. 'दहाएक माणसें' म्हणा कीं 'एक दहा माणसें' म्हणा. माणसें मोजलेलीं नाहींत, एवढेंच कळतें. हिंदी-गुजरातींतील 'दसेक' आणि बंगालींतील 'दशेक' हीं याचींच भावंडें होत.

दोन संख्या जोडूनही आपण अदमास सांगतों. 'दोनतीन' म्हणतांना मर्यादा अरुंद असते, 'दोनचार' म्हणतांना ती सैल होते, आणि 'पांचपन्नास' म्हणणाऱ्यानें मोजण्याचा विचारच सोडलेला असतो.

कांहीं शब्द केवळ किमान मर्यादा सांगतात : 'तरी', 'निदान', 'कमींत कमी', 'नाहीं म्हटलें तरी'. 'फार तर' हा वरची मर्यादा सांगतो. 'जवळजवळ शंभर' म्हणजे शंभराला थोडे उणे. लोणावळ्याच्या पावसाची वार्षिक सरासरी 'दीडशे इंचांच्या वर' आहे असें म्हटलें, म्हणजे खालची बाजू बांधली, वरची मोकळी ठेवली.

अशा पावसाच्या मावळांत हा भेद व्याकरणापुरता राहत नाहीं. 'ओढ्याला गुडघाभर पाणी असेल' हा नुसता अदमास; उतावळा प्रवासी मात्र तो 'फार तर गुडघाभर' असा ऐकतो आणि पाण्यांत पाय घालतो. डोंगरावर सर कोसळली कीं पाणी पाहतां पाहतां चढतें. 30 जून 2024 रोजीं भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले, हें आपण विसरलां नसाल.

म्हणून सांगणाऱ्यानें आपला शब्द तोलून वापरावा. ऐकणाऱ्यानेंही 'पंधराएक' ऐकून लगेच पाऊल उचलूं नये. आणखी दोन प्रश्न विचारावे : 'निदान किती?' आणि 'फार तर किती?' दुसऱ्याचें उत्तर मिळालें नाहीं, तर त्या दिवशीं माघारीं फिरणेंच शहाणपणाचें.