कॉलेजची मुलं गावात आली, तर काम कोणतं द्यायचं?

सखींनो, गेल्या एक-दोन वर्षांत तुमच्याही ग्रामसंघात असं झालं असेल. पुण्याच्या एखाद्या कॉलेजची पाच-सहा मुलं-मुली गळ्यात ओळखपत्र घालून येतात. सोबत एखादे सर नाहीतर मॅडम असतात. "काकू, दोन मिनिटं, फॉर्म भरायचाय." घरात माणसं किती, चूल का गॅस, गटाचं कर्ज किती, असं सगळं विचारतात. आपण सांगतो, चहा देतो, फोटो निघतो. पुढे ती मुलं परत दिसत नाहीत आणि त्या फॉर्मचं काय झालं तेही कळत नाही.

ही मुलं का येतात, हे आधी समजून घेऊ. कारण ते एकदा कळलं की त्यांच्याकडून काय मागायचं तेही कळतं.

कॉलेजची मुलं गावात येणं तसं नवं नाही. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपण जिला एन.एस.एस. म्हणतो ती, २४ सप्टेंबर १९६९ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. सात दिवसांचं शिबिर, बंधारा, रस्ता, झाडं, संध्याकाळी पथनाट्य, हे आपल्या गावांनी खूप पाहिलंय. चांगलंच काम. पण ते अभ्यासाच्या बाहेरचं. बी.कॉम.चा मुलगा खड्डा खणायचा आणि त्याच्या हिशेबाच्या पुस्तकाचा त्या खड्ड्याशी काही संबंध नसायचा.

आता वेगळं झालंय. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम बदलले. त्यात 'समाजसहभाग प्रकल्प' हा पदवीचाच एक भाग आहे. मुलं त्याला सीईपी म्हणतात. याला मार्क आहेत, म्हणजे त्यांच्या भाषेत क्रेडिट, मराठीत श्रेयांक. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकाला साधारण ३० तास द्यावे लागतात. दोन श्रेयांकांचा प्रकल्प असेल तर एका मुलाचे ६० तास. पाच जणांचा गट आला तर ३०० तास झाले की! आपल्या गटातली बाई घर, शेत, जनावरं सांभाळून ३०० तास कुठून काढणार? ही मुलं ते तास घेऊन आपल्या दारात उभी असतात आणि आपण त्यांना फॉर्म भरून परत पाठवतो.

याला 'सेवेतून शिक्षण' म्हणतात. समाजकार्य शिकणाऱ्यांना ते जुनंच आहे. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेसारख्या ठिकाणी क्षेत्रकार्य हा शिक्षणाचा गाभाच असतो. मेक्सिको देशात तर १९३६पासून डॉक्टरकीच्या मुलांना पदवीआधी समाजसेवेचा काळ पुरा करावा लागतो आणि त्यातली बरीच मुलं खेड्यात जातात. यातली अट साधी आहे. मुलानं वर्गात जे शिकलं ते गावाच्या खऱ्या गरजेला लावायचं आणि त्यातून काय उमगलं ते परत वर्गात मांडायचं. गावाची गरज कोणती हे मात्र गावानंच सांगायचं असतं, आणि नेमकं तिथंच घोडं अडतं.

गरज बरोबर ओळखली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण पुणे शहरातच आहे, आणि तेही बायकांचंच. १९९०च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागानं कचरा वेचणाऱ्या बायका आणि मुलींसाठी शिकवण्याचं काम हाती घेतलं. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या त्या कामात होत्या. ठरलं होतं अक्षरओळखीचं. पण त्या नुसत्या वर्गात बसल्या नाहीत, पहाटे वेचणाऱ्यांबरोबर कचराकुंड्यांवर गेल्या. तिथं दिसलं ते असं, की सगळा कचरा एकत्र असल्यामुळे या बायकांचे तासन् तास घाणीत हात घालून कागद, काच, पत्रा शोधण्यात जातात. घराघरातून सुका कचरा वेगळा मिळाला, तर कष्ट कमी होतील आणि चार पैसे जास्त सुटतील. मग वेगळा कचरा मिळवण्यासाठी सोसायट्यांशी बोलणं सुरू झालं. पाटी-पुस्तकाचं काम असं बायकांच्या पोटापाण्याच्या प्रश्नापर्यंत गेलं.

पुढे १९९३ला पुण्यात कचरा वेचणाऱ्यांचं अधिवेशन झालं. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. ओळखपत्रं मिळाली, त्यांची स्वतःची पतसंस्था निघाली. २००८मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला लागली. आज तीन हजारांहून जास्त जण, बहुतेक बायकाच, त्या कामात आहेत.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विद्यापीठातल्या आणि संघटनेतल्या मंडळींनी पुढे या कामाचा रीतसर अभ्यास केला. तो २००१मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झाला. वेचणाऱ्या बायका कचरा उचलतात, म्हणून महापालिकेचा वाहतुकीचा खर्च किती वाचतो, हे त्यात रुपयांत मांडलं होतं. तोवर लोक म्हणायचे, या बायका कचऱ्यावर जगतात. कागदावर आलं ते उलटंच. शहर यांच्या फुकटच्या कष्टावर पैसे वाचवत होतं. हा हिशेब हातात असलेली बाई अधिकाऱ्यासमोर वेगळ्या आवाजात बोलते.

आता आपल्याकडे या. पापडाचा भाव आपण कसा काढतो? डाळ, पापडखार, मिरी, तेल, पिशवी, वर थोडा नफा. चौघींनी दुपारभर लाटलं त्याचं काय? वाळवण राखायला बसलेली, दळणाला गेलेली, बाजारात पाटी घेऊन उभी राहिलेली, यांचे तास कुठं धरलेत? बी.कॉम.ची मुलं नेमकं हेच पुस्तकात शिकतात, उत्पादनखर्च कसा काढायचा ते. त्यांना आठ दिवस आपल्या कामाशेजारी घड्याळ घेऊन बसवा. किती किलो मालाला किती तास लागले, वीज-जळण किती, फुटून वाया किती गेलं, गाडीभाडं किती. असा एक कागद तयार झाला तर भीमथडी जत्रेत किंवा सरस प्रदर्शनात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, की आपल्याला माहीत असतं कुठपर्यंत उतरायचं आणि कुठं हात जोडायचे.

हे एक झालं. अन्नतंत्र शिकणाऱ्या मुलांकडून लेबल करून घ्या. घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, बॅच नंबर, शाकाहाराची हिरवी खूण, अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक, बनवणाऱ्या गटाचं नाव-पत्ता. यातलं काही राहिलं की दुकानदार माल ठेवून घेत नाही. कायद्याची मुलं आली तर सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीबद्दल विचारा. गावात निदान दोन-चार जणींचं तरी नाव अजून चढलेलं नसतं. आणि शेती शाखेच्या कृषिकन्या तर आपल्या ओळखीच्याच. त्या गावात राहून बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क करून दाखवतात. त्यांचं प्रात्यक्षिक चावडीवर पुरुषांपुढे होतं आणि बियाणं निवडायला बसते ती बाई घरातच राहते. त्यांना सांगा, आमच्या गटाच्या बैठकीत या.

सोबत आलेल्या सर-मॅडमशी काम सुरू व्हायच्या आधीच बोलून घ्या. कॉलेजचं पत्र मागा. मुलं कोणत्या विषयाची, किती दिवस, किती तास, हे विचारा आणि ग्रामसंघाच्या इतिवृत्तात लिहा. फॉर्म भरायचाच असेल तर कशासाठी ते विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आधार नंबर, बँकेच्या पासबुकाचा फोटो, मोबाईलवर आलेला ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, मुलगी कितीही गोड बोलली तरी. कुणाचं कर्ज किती थकलंय ही गटातली गोष्ट आहे, ती नावासकट बाहेर जाता कामा नये. फोटोला नाही म्हटलं तरी चालतं.

एक किल्ली आपल्या हातात आहे. काम पूर्ण झाल्याचं पत्र किंवा सही बहुतेक कॉलेजं गावातल्या संस्थेकडून मागतात. ती सही पहिल्या दिवशी चहाबरोबर करून टाकू नका. आधी ठरवा, की मुलांनी अहवालाची एक प्रत मराठीत द्यायची आणि बैठकीत उभं राहून वाचून दाखवायची. आकडा चुकला असेल तर तिथंच बायका सांगतील. मुलं खरंच शिकतात ती त्या वेळी. मग सही.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ६० तासांत कुणी आपला धंदा उभा करून देणार नाही. सभेची वही, कर्जखातं, रोखपुस्तक मुलांना तपासायला द्या, लिहायला देऊ नका, नाहीतर पुढच्या महिन्यात ते अक्षर कुणाला लागायचं नाही. शिवाय मुलं दर सत्राला बदलतात. दरवेळी तोच पाढा म्हणायला नको म्हणून ग्रामसंघात एक वेगळी वही ठेवा. कोण आलं, काय केलं, काय अर्धं राहिलं. पुढची तुकडी आली की वही पुढे करायची आणि अर्ध्यापासून सुरू करायला सांगायचं.

कॉलेजचं पहिलं सत्र जून-जुलैमध्ये आणि दुसरं डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होतं. प्रकल्प त्याच दिवसांत ठरतात, आणि पेरणी-सुगीची गडबडही त्याच्याच आगेमागे असते. म्हणून मे आणि नोव्हेंबरच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. आपल्याला करून हवीत अशी दोन किंवा तीन कामं ठरवा, ठराव लिहा आणि जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावे पत्र द्या. पत्रात बैठकीचा वार आणि वेळ जरूर टाका, म्हणजे मुलं आपल्या वेळेला येतील.