शेतीची गाडी, पण कुठली?

कापसाच्या हंगामात करजणच्या जिनिंगकडे जाणारा रस्ता पाहिला की कळते, बडोदे जिल्ह्याचा शेतमाल किती तऱ्हेच्या चाकांवर चालतो. ट्रॅक्टर, त्यामागे शिगोशीग भरलेली ट्रॉली, पिकअप, आयशर. लोक या सगळ्यांना 'शेतीची गाडी' म्हणतात. पासिंगबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका नावातूनच उगवतात, कारण कायद्याच्या लेखी ट्रॅक्टर वेगळा, ट्रॉली वेगळी आणि पिकअप त्याहून वेगळा.

'शेतीच्या ट्रॅक्टरला पासिंग लागत नाही' हे अर्धे खरे आहे. शेतीचा ट्रॅक्टर बिगरपरिवहन वाहनांत मोडतो, त्यामुळे मालट्रकसारखा फिटनेसचा दाखला त्याला ठरावीक काळाने घ्यावा लागत नाही. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्याची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की ट्रॅक्टर आरटीओत दाखवायचा, तपासणीत उतरला की पुढची ५ वर्षे मिळतात, आणि असेच पुढे. तृतीय पक्ष विमा मात्र पहिल्या दिवसापासून हवाच.

'दहा वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात द्यावा लागतो' ही तर निव्वळ अफवा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, पुढे सरकारी मालकीच्या १५ वर्षांच्या गाड्या मोडीत काढायचा नियम झाला, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ मोबाइलवरून गावोगाव पोहोचली असावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला २०२३ साली खुलासा करावा लागला की दहा वर्षांनी ट्रॅक्टर मोडीत काढायचा असा कोणताही नियम नाही. बडोद्याला हे निराळे सांगायला नको. विश्वामित्रीला 'हिंदुस्तान ट्रॅक्टर्स'चा कारखाना होता, आणि नीट राखलेला ट्रॅक्टर किती वर्षे नांगरतो हे इथल्या जुन्या मिस्त्रींना ठाऊक आहे. अफवेवर विसंबून चालता ट्रॅक्टर कोणी मातीमोल विकू नये.

ट्रॉलीचा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला आहे. 'ट्रॅक्टरचे बुक आहे ना, मग ट्रॉलीचे कशाला?' पण कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी स्वतंत्र, नंबर स्वतंत्र आणि तो ट्रॉलीच्या बाजूला दिसला पाहिजे. शिवाय ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही ट्रॉलीवर हवा. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेली, कागद नसलेली ट्रॉली अपघातात सापडली, तर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न तिथेच येतो. आणि ट्रॉलीत स्वतःच्या शेतातला माल नेणे वेगळे, भाड्याने दुसऱ्याचा माल वाहणे वेगळे. ट्रॅक्टर आणि ट्रेलर जोडून माल वाहिला तर ते मालवाहू वाहन ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली नटवर पारीख खटल्यात सांगितले आहे.

पिकअप किंवा आयशरमध्ये केळी असोत की सिमेंट, गाडी परिवहन वाहनच राहते. नवी असताना दोन वर्षे, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस. दाखला नसेल तर गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. वजन जास्त असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये. माल बडोद्यातल्या सयाजीपुऱ्याच्या शेतमाल बाजारात चालला होता, ही सबब तिथे चालत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ट्रॉलीत बसून जाणाऱ्या मजुरांची. 'विमा आहे, काही झाले तर कंपनी देईल' असे मालक मनापासून म्हणतो. पण शेतीकामाच्या विम्यात ट्रॉलीतली माणसे सहसा धरलेली नसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या ब्रिजमोहन निकालात असा मजूर जखमी झाला होता, वीटभट्टीसाठी माती आणायच्या कामावर निघालेला. विमा कंपनी जबाबदार नाही असे न्यायालयाने ठरवले. त्या गरिबाला पैसे मिळावेत म्हणून आधी कंपनीने द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. म्हणजे बोजा शेवटी मालकावर आला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणाऱ्या पोरालाही कायद्याची मुभा नाही. जागा एकच, चालकाची.

राहिली तपासणी. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, शेतात वळताना एकेक दाबता यावेत म्हणून. रस्त्यावर येताना ते पट्टीने एकत्र जोडले नाहीत, तर घाईत एकाच चाकाला ब्रेक लागतो, ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलत नेते. ट्रॉलीच्या मागे दोन्ही बाजूंना लाल परावर्तक हवेत, नाहीतर रात्री मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. शेतातून डांबरी रस्त्यावर चढायच्या आधी ती पट्टी बसली आहे का, परावर्तकांवरचा चिखल पुसला आहे का, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात.