मज्जातंतूंना वाट कोण दाखवते?

आईच्या पोटात बाळ घडत असते, तेव्हा त्याच्या मज्जापेशींतून बारीक तंतू फुटतात. एखाद्याला बोटाच्या टोकापर्यंत जायचे असते, एखाद्याला डोळ्यापासून मेंदूपर्यंत. अंधारात, पेशींच्या गर्दीतून हे तंतू आपापल्या ठिकाणी कसे पोहोचतात?

1890 मध्ये स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांना कोंबडीच्या गर्भात वाढत्या तंतूच्या टोकाशी एक फुगीर भाग दिसला. पुढे त्यांनी अंदाज मांडला, की हे टोक रसायनांचा माग काढत चालत असावे. पक्का पुरावा मिळायला शंभर वर्षे गेली. 1994 साली अमेरिकेत मार्क टेसिए-लाविन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या हजारो गर्भांच्या मेंदूंतून असे एक प्रथिन वेगळे काढले. त्याचे नाव ठेवले नेट्रिन. हे नाव 'नेतृ' या संस्कृत शब्दावरून घेतले आहे. आपला 'नेता' हा शब्दही त्यातलाच.

मज्जारज्जूच्या मधोमध असलेल्या पेशी नेट्रिन सोडतात आणि तंतूंना 'इकडे या' म्हणतात. तिथेच स्लिट नावाचे दुसरे प्रथिन 'दूर व्हा' म्हणत असते. मधली रेषा ओलांडेपर्यंत तंतू स्लिटला जुमानत नाही. ओलांडल्यावर मात्र ते त्याला जाणवू लागते, म्हणून तो पुढे जातो, मागे फिरत नाही. उजव्या हाताला तव्याचा चटका बसला की खबर मेंदूच्या डाव्या बाजूला जाते, ती अशाच ओलांडलेल्या तंतूंमुळे.

हे ओलांडणे रोबो-3 या प्रथिनाशिवाय नीट होत नाही. त्याच्या जनुकात दोष असला तर मुलाचे डोळे डावी-उजवीकडे फिरत नाहीत आणि वाढत्या वयात पाठीचा कणा वाकत जातो. हे कारण 2004 साली उघड झाले. आजार अगदी दुर्मीळ आहे. तो होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, आणि ते दोघे स्वतः निरोगी असतात. जवळच्या नात्यात लग्न झाले असेल तर असा योग येण्याची शक्यता वाढते.

सूरह अल-मोमिनूनमध्ये मातेच्या उदरातील घडणीचे टप्पे आले आहेत. त्यात नेट्रिन शोधत बसण्याचे कारण नाही. कुरआन आपल्याला विचार करायला सांगते, आणि हा विचार घरातही उतरला पाहिजे. अधू मूल जन्मले की आपल्याकडे पहिले बोट सुनेकडे जाते: हिने काय खाल्ले, ग्रहणात बाहेर का गेली? रोबो-3 च्या दोषाचा यातल्या कशाशीही संबंध नाही. घराण्यात असे मूल असेल, तर मामे-चुलत भावंडांचे नाते ठरवण्याआधी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना जरूर भेटावे. आणि त्या आईला टोमणे मारण्याऐवजी तिच्या हातातले मूल थोडा वेळ आपण घ्यावे.