चांदची तारीख आणि खाडीचं पाणी

ईदच्या सकाळी नमाजला निघताना खाडीकडे कधी नीट पाहिलंय का? पाणी गेलेलं असतं. चिखल उघडा पडलेला, होड्या आडव्या झालेल्या, बगळे फिरतायत. आणि शिरखुर्मा, जेवण, पाहुणे आटोपून दुपारी बाहेर यावं तर तीच खाडी काठोकाठ भरलेली. दरवर्षी असंच. ईद उन्हाळ्यात येवो की पावसाळ्यात, त्या दिवशी कोकणच्या खाडीत पाण्याचं वेळापत्रक जवळपास तेच असतं. हा योगायोग नाही. आपली तारीख चांदवर चालते आणि खाडीचं पाणीही चांदवर चालतं.

हे सगळं लिहायला बसलो त्याला एक कारण घडलं. काही वर्षांपूर्वी रमजान ईदच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला माझ्या वर्गातली दोन मुलं नव्या कपड्यांतच एक छोटी होडी घेऊन गळ टाकायला गेली. दोघांनाही पोहता येतं, वल्हं मारता येतं. पण परत काठाला येताच येईना. जितकं वल्हं मारावं तितकी होडी मुखाकडे सरकत होती. एक वल्हं हातून सुटलं. नशीब, खाली डोल जाळ्याचे खांब रोवलेले होते, त्यातल्या एकाला त्यांनी मिठी मारली. शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या मच्छीमार चाचांनी जाऊन त्यांना आणलं. मी काठावर उभा होतो. चाचा ओल्या कपड्यांनी वर आले आणि मलाच म्हणाले, "सर, पोरांना एवढं शिकवता, आज चांद कितवा आणि पाणी कुठलं, तेवढं पण सांगत जा."

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते नीट येत नव्हतं. भूगोलात उधाणाची भरती आणि भांगाची भरती शिकवत होतो, आकृती काढून. पण ती आकृती आणि समोरची खाडी यांचा संबंध कधी जोडलाच नव्हता. नंतर चाचांकडे जाऊन बसलो, पंचांग आणि भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवलं आणि हळूहळू हिशेब कळत गेला.

पाणी कसं चढतं, कसं उतरतं

समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्र ओढतो, थोडं सूर्य. पृथ्वी फिरते तशी दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. चंद्रही पुढे सरकत असल्यामुळे एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं लागतात. म्हणून भरती रोज पाऊण तास ते तासभर उशिरा येते.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. तेच उधाण. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. चंद्र अर्धा असतो तेव्हा दोघांची ओढ काटकोनात पडते, पाणी कमी हलतं. तो भांग. पाण्याला हे सगळं पोचायला थोडा वेळ लागतो, म्हणून सगळ्यात मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दिसतं.

आता हे आपल्या तारखेत मांडून बघा. आपला महिना चांद दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे अमावास्येनंतर एखाद्या दिवसाने. त्यामुळे चांदची 1, 2, 3 तारीख हे उधाणाचे दिवस. तसेच 15, 16, 17. आणि 8 ते 10 तसेच 23 ते 25 हे भांगाचे. रमजान ईद 1 शव्वालला, म्हणजे ती नेहमी उधाणात. शब-ए-बरात शाबानच्या पंधराव्या रात्री, तीही उधाणात. बकरी ईद 10 जिलहिज्जाला आणि आशुरा 10 मुहर्रमला, म्हणजे भांग संपून पाणी पुन्हा वाढायला लागतं तेव्हा. आपल्या आजी-आजोबांना हे तोंडपाठ होतं. भिंतीवर कॅलेंडर आलं, मग मोबाईल आला, आणि चांदची तारीख फक्त सणापुरती उरली.

आपल्या लोकांनी या विषयावर काही लिहिलंच नाही असं नाही. नवव्या शतकातल्या अबू माशर बल्खी यांनी चंद्र आणि भरती-ओहोटीच्या संबंधावर सविस्तर लिहिलं आणि ते लॅटिनमधून युरोपात वाचलं गेलं. अल-बिरुनी यांच्या हिंदुस्तानवरच्या ग्रंथात तर भरती-ओहोटीवर वेगळं प्रकरणच आहे, आणि त्यात सोमनाथच्या किनाऱ्याचा उल्लेख येतो. सोमनाथ म्हणजे आपलाच पश्चिम किनारा.

पाऊणपटीचा हिशेब

कोकणात भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे तिथीला तीनने गुणून चारने भागायचं. जो आकडा येईल तितके वाजता भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी साधारण सहाला आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पाणी भरलेलं असणार. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं.

चांदच्या तारखेवरून तिथी काढायला बहुधा एक मिळवावा लागतो. आठवत असेल, 10 जुलै 2022 ला आणि पुन्हा 29 जून 2023 ला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. दहा तारीख आपली, अकरावी तिथी त्यांची. तोच एकाचा फरक. कधी तो दोनचा होतो, कारण तिथी लहान-मोठी असते आणि चांद ढगामुळे एक दिवस उशिराही दिसतो.

रमजान ईदला हे लावून पाहा. तारीख 1, तिथी 2, पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला भरती पूर्ण, आणि त्याच्या सहा तास आधी, साडेसातला, ओहोटी पूर्ण. नमाजच्या वेळी खाडी सुकलेली का असते त्याचं उत्तर मिळालं ना?

हा हिशेब ढोबळ आहे. तो मुंबईच्या बाजूला बराच जुळतो, दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरती थोडी आधी येते. शिवाय खाडीच्या मुखाशी आलेली भरती वर गावापर्यंत पोचायला वेळ घेते. वाशिष्ठीत दाभोळला पाणी फिरलं म्हणून गोवळकोटला लगेच फिरत नाही. ज्याच्या त्याच्या धक्क्यावर घड्याळ घेऊन चार दिवस पाहिलं की आपल्या गावाचा फरक कळतो. छापील कोष्टक किंवा मोबाईलवरचं ॲप मिळत असेल तर जरूर वापरा, पण तेही मुखाची वेळ सांगतं, तुमच्या धक्क्याची नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात मुलांना सापडत नाही. पाणी सहा तास एकाच वेगाने उतरत नाही. ढोबळ मानाने एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात एक. समजा त्या दिवशी पाणी 2.4 मीटर उतरणार आहे. तर मधल्या दोनच तासांत त्यातलं 1.2 मीटर जातं. खाडी अरुंद असेल तिथे ही ओढ भयानक असते. त्या मुलांची होडी निघाली चारला. भरती दीडला संपली होती, म्हणजे तिसरा तास चालू. दिवस उधाणाचा. वर्षभरातली सगळ्यात वाईट वेळ शोधायची म्हटली असती तरी यापेक्षा वेगळी सापडली नसती.

होडीतली मासेमारी

रत्नागिरीच्या राजिवड्यापासून जयगड, दाभोळ, बाणकोटपर्यंत आणि खाली राजापूर-जैतापूरच्या बाजूलाही आपले दालदी भाऊ पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगत आले. खारवी, कोळी, भोई त्यांच्या बरोबरीने. मोठ्या ट्रॉलरचं जग वेगळं, खाडीतली छोटी होडी वेगळी. पूर्वी ती एका खोडातून कोरलेली असे, आता बहुतेक ठिकाणी फायबरची. काही होड्यांना एका बाजूला उलांडी असते, त्यामुळे ती सहज कलत नाही. उलांडी नसलेल्या अरुंद होडीत दोघे एकदम उभे राहिले तर उलटलीच समजा. म्हणून एक जण मागे बसून वल्हं सांभाळतो आणि एकटाच नाळेवर उभा राहून पाग टाकतो.

मासा पाण्याबरोबर फिरतो, हे समजलं की बाकीचं सोपं होतं. भरती चढू लागली की बोयटं पाण्याच्या कडेने वर येतात, चिखलावरची शेवाळाची साय खायला. कोळंबी आणि बारीक मासळी कांदळवनाच्या मुळांत शिरते. काळुंदर दगड-मुळांच्या आडोशाला. मग ओहोटी लागली की हे सगळं छोट्या फाट्यांमधून परत मोठ्या खाडीत उतरतं, आणि फाट्याच्या तोंडाशी खजुरा टपून बसलेला असतो. रायगडात त्यालाच जिताडा म्हणतात. जाणकार माणूस तिथेच गळ टाकतो, जिवंत कोळंबी लावून, पाणी फिरण्याच्या जरा आधी किंवा नंतर.

डोल आणि बोकशी ही पिशवीसारखी जाळी ओढीवर चालतात. पाण्याची ओढ हवी, म्हणून ती उधाणात. भांगाला ओढ कमी, पाणी निवळलेलं, तेव्हा गळाचे दिवस. कांडाळ लावायची तर पाणी थांबतं त्या अर्ध्या तासात, नाहीतर जाळं गुंडाळून जातं. म्हणजे चांदची तारीख माहीत असेल तर आज कुठलं जाळं काढायचं ते घरूनच ठरतं.

आता इथे घराघरात होणारा वाद. आपण कोकणी लोक बहुतेक शाफई, त्यामुळे झिंगा, कालवं, तिसऱ्या आपल्याकडे चालतात. हनफी घरातली सून आली की झिंग्यावरून आणि तिसऱ्यांवरून चर्चा सुरू होते. कुर्लीबद्दल तर आपल्यातही एकमत नाही. हा विषय आलिमांचा, मास्तरचा नाही. मी एवढंच म्हणेन की आपल्या आलिमांना एकदा विचारून घ्या, आणि जेवताना वाद घालू नका.

काय सांभाळायचं

वल्ह्याच्या होडीने जायचं तर ओहोटीबरोबर खाली उतरायचं आणि भरतीबरोबर परत यायचं, ही जुन्यांची पद्धत. पण त्यात खाली जाऊन किती वेळ थांबायचं याचा अंदाज लागतो, आणि तो मुलांना नसतो. नवख्यांनी उलट करावं. भरतीच्या पाण्यात वरच्या अंगाला जावं. दमलं, वल्हं तुटलं, तरी पाणी वर गावाकडेच नेतं, दर्यात नाही.

ओढीत सापडलात तर सरळ समोर लढू नका. तिरकं, काठाच्या दिशेने वल्हं मारा. होडी दोनशे मीटर खाली जाऊन काठाला लागली तरी चालेल, चालत परत येता येतं. काठाजवळ ओढ कमी असते. चिखलात उतरायची घाई करू नका, कंबरेपर्यंत रुतलेला माणूस बाहेर काढणं फार कठीण जातं.

मुखाशी दुपारनंतर जाऊच नये. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा आत येतो आणि ओहोटीचं पाणी बाहेर जात असतं. दोघांची टक्कर झाली की आखूड, उभ्या लाटा उठतात. वाळूच्या दांड्यावर तर त्या फुटतात. मोठ्या बोटीला त्याचं काही नाही, छोट्या होडीत पाणी भरतं. आणि वाशिष्ठीच्या काठावर राहणाऱ्यांना मगरींचं वेगळं सांगायला नको.

पावसाळा हा तर निराळाच हिशेब. यांत्रिक बोटींना जून-जुलैत बंदी असते, वल्ह्याच्या होडीला ती लागू नाही. पण परवानगी आहे म्हणून खाडी शांत होत नाही. वरून पुराचं पाणी येतं तेव्हा भरतीतही वरचा थर खालीच वाहत असतो, कारण गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. तेव्हा पाऊणपटीचा हिशेब बाजूला ठेवावा. चिपळूणकरांनी 22 जुलै 2021 ला ते पाहिलं. आदल्या दिवशी बकरी ईद झालेली, रात्रभर मुसळधार पाऊस, आणि खाली भरती असेल तर पुराला बाहेर जायला वाटच मिळत नाही. पाणी शहरात घुसलं.

त्या ईदनंतर आमच्या शाळेत सहावी ते नववीच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोन ओळी लिहितो. चांदची तारीख आणि भरतीची वेळ. मुलंच लिहितात. सुरुवातीला चुकायची, आता एकमेकांचं तपासतात. मागच्या वर्षी मोहल्ल्यातल्या जमातीला विनंती केली, त्यांनी मशिदीत नमाजच्या वेळांच्या फलकाखाली भरती-ओहोटीच्या वेळांचा एक लहान फलक लावला. खर्च जवळपास काहीच नाही. रोज फज्रनंतर कुणीतरी एक जण खडूने आकडे बदलतो. खाडीकाठच्या इतर गावांत कुणाला असा फलक लावायचा असेल तर आधी आपल्या धक्क्यावर एक पूर्ण महिना वेळा लिहून काढा, 1 तारखेपासून पुढच्या चांदपर्यंत. आणि त्या वेळा तपासायला गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमाराला बोलवा. चहाबरोबर खारी ठेवलीत तर ते आणखी बरंच काही सांगतील.